दुखत नाही? मग रोज बघा

मागच्या पावसाळ्यात आमचे मोठेबाबा वावरातून आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी कुठंतरी गाळात रुतून राहिली होती. अमरावतीजवळच्या आमच्या नांदगाव पेठच्या वेशीपासून घरापर्यंतचा गिट्टी उखडलेला रस्ता ते तसाच चालत आले आणि त्यांना पत्ता नव्हता. ओट्यावर बसलेले आम्ही सगळे हसलो. "मोठेबाबा, दुसरी कोणाले देऊन आले?" त्यांनी खाली पाहिलं, तेही हसले. "अबे, हे कवा गेली?"

हसायला नको होतं. चौदा वर्षांची शुगर असलेल्या माणसाच्या पायातून चप्पल निसटावी आणि त्याला ते कळू नये, याचा अर्थ पाय बधिर झालाय एवढाच होतो. तीन आठवड्यांनी मोठीआईला चादरीवर पिवळट डाग दिसला. अंगठ्याच्या खाली तुरीच्या धसकटाचं टोक मोडून आत राहिलं होतं, वरची कातडी जाड होऊन बंद झाली होती आणि आत पू. दवाखान्यात चला म्हटलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "दुखत नाही ना मले, मंग दवाखाना कायले?" त्यात आणखी आठ दिवस गेले. हाडापर्यंत पोचलं होतं. अंगठा काढावा लागला.

तेव्हापासून आमच्या घरात पायाकडं बघायचं जे शिकलो, ते इथं लिहितो. वऱ्हाडात शुगर नसलेलं घर आता शोधावं लागतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेही १० कोटींच्या वर निघाले. त्यातले पुष्कळ जण आपल्यासारखेच, दिवसभर मातीत, रस्त्यावर, कारखान्यात उभे.

आधी हे होतं कशानं ते पाहू. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा, म्हणजे संवेदना वाहून नेणारे मज्जातंतू, हळूहळू कामातून जातात. सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या, म्हणून सुरुवात तिथून. पहिल्यांदा मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, आपण कापसावरून चालतोय असं वाटतं. मग एक दिवस आग थांबते. माणूस म्हणतो, बरं झालं बुवा, औषध लागू पडलं. औषधानं आराम पडला असेल तर छानच. पण पुष्कळदा खरं कारण हे की नस पार मुकी झालेली असते. दुसरीकडं घाम आणणाऱ्या नसाही जातात, त्यामुळं कातडी कोरडी पडून टाचा फुटतात. पायाचे छोटे स्नायू दुबळे झाले की बोटं वाकडी होतात आणि सगळा भार तळव्याच्या दोन-चार ठिकाणी येतो. त्यात पायाकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या, तर झालेली जखम भरायला लागणारं रक्तही पोचत नाही. बिडी आणि खर्रा याच वाहिन्यांवर उठतात. खर्रा घोटत शुगरच्या गोळ्या घेणारी माणसं आपल्या प्रत्येक पानठेल्यावर उभी असतात, त्यांना राग आला तरी हे सांगायला हवं.

बधिर पाय ही गोष्ट अमरावतीला नवी नाही. शुगर घरोघर पोचण्याच्या कितीतरी आधी हा जिल्हा तो पाय ओळखत होता, कुष्ठरोगामुळं. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीच्या कडेला तपोवन उभं केलं. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनचं कुष्ठरोग रुग्णालय. त्याही आधी, १९३६ मध्ये, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी काम सुरू केलेलं. त्या काळी लोकांची समजूत अशी की या रोगात बोटं 'झडतात', मांस आपोआप सडतं.

ही समजूत मोडली ती वेल्लोरच्या एका शल्यविशारदानं. पॉल ब्रँड हे तमिळनाडूच्या डोंगरात जन्मलेले इंग्रज मिशनऱ्यांचे चिरंजीव, १९४६ मध्येच वेल्लोरला आले. त्यांच्या लक्षात आलं की रोग्यांच्या मांसात तसा दोष नाही, टाके घातले की ते नीट भरून येतं. मग बोटं जातात कुठं? माणूस चुलीतून पेटतं लाकूड हातानं उचलतो, खिळा घुसलेल्या जोड्यात दिवसभर चालतो, कारण त्याला दुखत नाही. काहींची बोटं तर रात्रीतून कुरतडलेली सापडायची. पहारा ठेवल्यावर कळलं, उंदीर. झोपलेल्या माणसाला चावा कळत नव्हता. त्यानंतर तिथून घरी परतणाऱ्या रोग्याबरोबर एक मांजर दिली जायची! हसण्यावारी नेऊ नका. सोयाबीनची पोती घरात रचलेली असतात त्या दिवसांत, पाय बधिर असलेल्या माणसानं जमिनीवर अंथरूण घालू नये, खाटेवर झोपावं आणि पायावर पांघरूण असावं. उंदरानं कुरतडलेला शुगरचा पाय ही डॉक्टरांना आजही दिसणारी गोष्ट आहे.

कुष्ठरोग्यांच्या पायांसाठी जे शोधलं गेलं, तेच पुढं जगभर शुगरच्या पायांना लागू पडलं. मऊ रबराच्या तळाची चप्पल त्यातलीच, जखमेवरचा भार काढणारं प्लास्टरही त्यातलंच. आणि सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट ही की दुखणं हा पायाचा राखणदार आहे. राखणदार नोकरी सोडून गेला, तर त्याचं काम डोळ्यांनी आणि हातांनी करावं लागतं. रोज.

आता घरच्या घरी पाय तपासायची एक रीत. इंग्लंडातल्या इप्स्विच गावच्या रुग्णालयात ती बसवली गेली, साधन काही लागत नाही. माणसाला डोळे मिटून आडवं करा. त्याचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, दोन्ही पायांची मिळून सहा टोकं. प्रत्येकाला आपल्या तर्जनीनं एक-दोन सेकंद फक्त टेकायचं. दाबायचं नाही, घासायचं नाही, गुदगुल्या तर नाहीच. कळलं की त्यानं 'डावा' किंवा 'उजवा' म्हणायचं. नाही कळलं तर त्याच बोटाला पुन्हा टेकून 'आता?' विचारायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी उत्तर आलं नाही, तर पाय धोक्यात आहे असं धरून डॉक्टरांकडं जा. ते नायलॉनच्या जाड तंतूनं आणि ट्यूनिंग फोर्कनं नीट तपासतील, पायाची नाडीही बघतील. मोठेबाबांचा एक अंगठा गेलेला, उरलेल्या पाच टोकांपैकी त्यांना एकच कळलं. चार वेळा ते गप्प पडून होते आणि शेवटी म्हणाले, "लाव ना बाप्पा बोट, कवाचा वाट पायतो."

शुगर असलेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना पाय दाखवायचा असतो. पाय बधिर असेल तर दर सहा महिन्यांनी, पाय बधिर आणि वाकडाही असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर त्याहून लवकर. ज्याला एकदा जखम होऊन गेली किंवा बोट गेलं, त्यानं एक ते तीन महिन्यांनी. कारण भरून आलेली जखम परत होते. दहांतल्या चौघांना ती वर्षाच्या आत पुन्हा होते. आपल्याकडं अडचण अशी की ओपीडीत गर्दी असते, आपण जोडे काढत नाही आणि डॉक्टरही काढा म्हणत नाहीत. रक्ताचा कागद बघून गोळ्या लिहून मिळतात. यावर आमच्या घरचा उपाय असा: खुर्चीवर बसताबसता जोडे-मोजे काढून ठेवायचे. उघडा पाय समोर दिसला की बघावाच लागतो.

रोजचं बघणं मात्र घरातच व्हायचं. वेळ संध्याकाळची, जेवणाआधी. ट्यूबलाइटखाली पाय ठेवायचा, वरून, खालून, टाच, आणि बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडून. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवायचा. स्वतःचं वाकणं होत नसेल किंवा मोतीबिंदू असेल, तर हे काम घरातल्या दुसऱ्या माणसाचं. आमच्याकडं ते नातीकडं आहे, तिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. काय बघायचं? फोड, चीर, लाली, सूज, काळा किंवा निळसर डाग, नखाच्या कडेचा पू, घट्ट्यात दिसणारा काळपट ठिपका. घट्ट्याखाली रक्त साकळलं असेल तर आत जखम तयार होतेय. मग हाताची पालथी बाजू दोन्ही पायांवर फिरवायची. एकच जागा एका पायावर गरम आणि दुसऱ्यावर थंड लागली, तर त्या ठिकाणी आत काहीतरी चाललंय.

एक गोष्ट ठळक सांगतो, कारण इथं शिकलेली माणसंही फसतात. शुगरवाल्या माणसाचा एक पाय अचानक सुजला, लाल आणि गरम झाला, जखम कुठंच नाही आणि दुखतही फारसं नाही, तर आपण म्हणतो मुरगळला असेल. मग चोळणं, शेकणं, 'चालून मोकळा होईल'. बधिर पायाची हाडं आतल्या आत मोडत जातात, सांधे ढासळतात, त्याची ही सुरुवात असू शकते. अशा पायावर एक पाऊलही टाकू नये. चोळू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. वेळेत प्लास्टर घातलं तर पायाचा आकार वाचतो, नाहीतर तळवा होडीच्या बुडासारखा फुगीर होऊन बसतो.

धुण्याचं साधंच आहे. रोज साबणानं, कोमट पाण्यानं. पाणी कोमट आहे का हे पायानं बघायचं नाही, पायाला ते कळत नाही. कोपरानं बघायचं, नाहीतर सुनेला विचारायचं. बोटांच्या बेचक्या जुन्या मऊ धोतराच्या फडक्यानं टिपून कोरड्या करायच्या. निंदणीच्या दिवसांत काळ्या मातीच्या गाळात चार-चार तास उभं राहिलं की चिखल्या होतात, आणि चिखल्यांची ती पांढरी चीर जंतूंना दार उघडून देते. तेल किंवा व्हॅसलीन टाचेला, तळव्याला, पावलाला लावायचं, बेचक्यांत नाही.

पाण्यात पाय बुडवून बसावं का, यावर घरोघर वाद होतो. तपोवनासारख्या ठिकाणी राहिलेली जुनी माणसं सांगतील की साध्या पाण्यात वीस-तीस मिनिटं पाय बुडवा, खरबरीत दगडानं जाड कातडी हलकेच घासा आणि ओलं असतानाच तेल लावा. शुगरचा डॉक्टर म्हणेल बुडवूच नका. दोघंही आपल्या जागी बरोबर आहेत. कुष्ठरोगातून बरा झालेला पाय फार कोरडा असतो पण त्याचा रक्तपुरवठा बहुधा ठीक असतो, त्याला ओल धरून ठेवायची असते. शुगरच्या पायात बेचक्या आधीच मऊ, रक्तपुरवठा कमी आणि पाणी कढत निघालं तर पंचाईत. म्हणून शेजाऱ्याचा उपाय आपल्या पायाला लावू नका. गरम पाण्यात मीठ टाकून पाय शेकणं तर कोणत्याच बधिर पायाला नको. एका जवळच्या बाईंचे दोन्ही तळवे असे भाजलेले मी पाहिलेत, वर साय धरल्यासारखी कातडी सुटलेली. आणि त्या म्हणत होत्या, पाणी तर कोमटच होतं.

आता बिब्ब्याबद्दल. वऱ्हाडात कुरूप झालं की बिब्बा, टाच फुटली की बिब्बा. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. शाबूत पायाचा माणूस चटका बसला की हात मागं घेतो. बधिर पायावर ते तेल खोल जात राहतं. दुकानात मिळणारी कुरुपाची पट्टीही त्याच जातीची, तिच्यातलं आम्ल घट्टा विरघळवतं आणि पुढं चांगलं मांसही सोडत नाही. ब्लेडनं टाच खरवडणं, सुईनं काटा उकरणं, काट्यावर रुईचा चीक लावणं, सगळं बंद. नखं अंघोळीनंतर मऊ असताना सरळ आडवी कापायची, कोपरे खोल खणायचे नाहीत. जाड, वाकडं, आत घुसलेलं नख असेल तर ते दवाखान्यातच.

चप्पल-जोड्यांवर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण जखमा इथून येतात. अंगठ्याची रबरी चप्पल बधिर पायाला नको. ती पायात टिकवायला बोटं आवळून धरावी लागतात, आणि पट्टी बेचकीत घासते. मागून पट्टा असलेली, पुढून रुंद, वेल्क्रोची सँडल घ्यावी. तळ मऊ रबराचा, ज्याला आपल्याकडं एमसीआर म्हणतात. अंगठ्यानं दाबला की दबतो आणि सोडला की वर येतो. खाली त्याला कडक सोल हवा, नाहीतर बाभळीचा काटा सरळ वर येतो. खिळे मारलेली नको, शिवलेली किंवा चिकटवलेली घ्या. कुष्ठरोगामुळं पाय बधिर असलेल्यांना ही चप्पल शासकीय कार्यक्रमातून मोफत मिळते, आरोग्य केंद्रात विचारावं. शुगरवाल्यांना बहुतेक विकतच घ्यावी लागते, आणि हा भेद मला कधी समजला नाही. पाय तर दोघांचा सारखाच मुका.

माप संध्याकाळी घ्यायचं, पाय तेव्हा थोडा सुजलेला असतो. पुठ्ठ्यावर उभं राहून पावलाची रेघ मारा, तो आकार कापा आणि दुकानात जाऊन जोड्यात सरकवून बघा. कडा दुमडल्या तर जोडा अरुंद आहे, दुकानदार काहीही म्हणो. 'वापरून सैल होईल' हे बधिर पायाला लागू नाही, जोडा सैल होईस्तोवर पाय फाटलेला असतो. नवी चप्पल पहिल्या दिवशी तास-दोन तास, मग काढून पाय बघायचा, लाल डाग दिसला तर ती परत. रोज घालण्याआधी उलटी करून आपटायची आणि आत हात फिरवायचा. मोठेबाबांच्या जोड्यात आजवर तुरीचा दाणा, बाटलीचं झाकण आणि एकदा नातवाच्या सायकलचा नट सापडलाय. मोजे सुती, सैल इलॅस्टिकचे आणि शक्यतो पांढरे. रक्त किंवा पू आला तर लगेच दिसतो.

आमच्या एमआयडीसीत कापड कारखान्यांत पाळ्या करणारी पोरं आहेत, वीज केंद्रातली आहेत. त्यांना लोखंडी टोपाचे सेफ्टी शूज बंधनकारक. ते काढता येत नाहीत, पण एक नंबर रुंद मागता येतात, आत मऊ इनसोल टाकता येतो, जेवणाच्या सुट्टीत मोजे बदलता येतात. शुगर असल्याचं सुपरवायझरला सांगायला लाजू नका. मोटरसायकलवर मागं बसताना पोटरी-टाच सायलेन्सरपासून लांब ठेवा. अमरावतीपर्यंतच्या प्रवासात टाचेला भाजून फोड येतो आणि घरी पोचल्यावरही कळत नाही.

राहिला देवाचा विषय. नवरात्रात अंबादेवी-एकवीरेला अनवाणी जाणारे आहेत, शेगावची पायी वारी करणारे आहेत, गुरुकुंज मोझरीला जाणारे आहेत. श्रद्धेवर मी काय बोलणार? पण वैशाखात अमरावतीचा पारा ४५च्या घरात जातो तेव्हा दुपारी देवळाच्या फरशीवर पाय टेकवणं म्हणजे तव्यावर टेकवणं. पहाटे जा, जाड मोजे घालून प्रदक्षिणा करा. अनवाणी नवस असेल तर तो घरातल्या धडधाकट पायाच्या माणसानं फेडावा, अशी तडजोड आमच्या मोठीआईनं केली आणि देवीनं अजून तक्रार केलेली नाही.

आणि एवढं करूनही जखम झालीच तर? वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुवा, स्वच्छ गॉज हलक्या हातानं बांधा. हळद, चुना, तंबाखू, कॉफी पावडर, स्पिरिट, काही भरू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, डॉक्टर. लाली पसरतेय, वास येतोय, बोट काळं पडतंय, ताप-थंडी आहे किंवा साखर एकाएकी वाढली, तर रात्र असली तरी थांबू नका. गावातलं आरोग्य केंद्र चिठ्ठी देईल, पण असा पाय सरळ इर्विनला, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालयात, नेलेला बरा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते सांगा.

मलमपट्टीपेक्षा मोठं औषध म्हणजे त्या पायावर भार न टाकणं. इथंच सगळं अडतं. दुखत असतं तर माणूस आपोआप लंगडला असता, भार काढून घेतला असता. दुखत नाही म्हणून तो धडपणे चालतो, आणि रोज हजारो पावलं त्याच जखमेवर पडतात. म्हणून डॉक्टर प्लास्टर घालतात किंवा खास बूट देतात, आणि 'फक्त संडासापुरतं उठा' म्हणतात. सोंगणीच्या दिवसांत शेतकऱ्याला घरी बसवणं अवघड. मोठेबाबांना खाटेवर ठेवायला त्यांची काठी आणि चपला दोन्ही मोठीआईनं पेटीत कुलूपबंद केल्या होत्या, किल्ली तिच्या कमरेला. सहा आठवडे दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हती.

जखम भरली. आता ते मागच्या पट्ट्याची सँडल घालून धुऱ्यापर्यंत जातात, गाळात उतरत नाहीत. रोज संध्याकाळी नात आरसा घेऊन बसते. परवा तिनं करंगळीच्या बेचकीत पांढरी चीर शोधली, सकाळी दाखवून आलो, मलम दिलंय. पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे.